वन आणि वचन

27 मे 1964 रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर एका इंग्रजी कवितेच्या शेवटच्या चार ओळी होत्या. त्या त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवल्या होत्या. कवी होता अमेरिकेचा रॉबर्ट फ्रॉस्ट. तो जेमतेम सोळा महिन्यांपूर्वी, 29 जानेवारी 1963 रोजी, बॉस्टनमध्ये वारला होता. कवितेचे नाव ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग’. त्या दिवसापासून भारतात या ओळींना वेगळेच आयुष्य लाभले. भाषणांचे समारोप, निवृत्तीचे निरोपसमारंभ, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळीकडे त्या पोचल्या. न थकता चालत राहा, कामे पुरी करा, विश्रांतीचा विचार मागाहून करा, असा त्यांचा अर्थ रूढ झाला. आपल्याकडच्या कितीतरी वाचकांनी ही कविता अशी शेवटाकडूनच ओळखली आहे.

पण कविता सोळा ओळींची आहे. चार ओळी घराघरांत गेल्या आणि बारा मागे राहिल्या. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या बारा ओळींसाठी आहे. माझे म्हणणे साधे आहे. या कवितेतले कर्तव्य समजून घ्यायचे असेल, तर आधी तिच्यातले अरण्य मनापासून आवडावे लागते. ज्याला त्या अरण्याची ओढ जाणवली नाही, त्याला वचनाचे वजनही कळत नाही.

कवितेत घडते ते अगदी थोडे. हिवाळ्याच्या संध्याकाळी एक प्रवासी घोडा घेऊन एकटाच चालला आहे. वाटेत रान लागते. ते कोणाचे असावे याचा त्याला अंदाज आहे. मालकाचे घर दूर गावात आहे, त्यामुळे आपण इथे थांबलेले त्याला दिसणार नाही हेही त्याला ठाऊक आहे. रानावर बर्फ पडत आहे आणि तो ते पाहत उभा राहतो. घोडा बुचकळ्यात पडतो. जवळपास वस्ती नाही, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गोठलेले तळे, आणि अंधार तर वर्षातला सर्वांत गडद. घोडा साजावरची घुंगरे हलवतो. त्या आवाजाखेरीज ऐकू येते ती फक्त वाऱ्याची आणि पडणाऱ्या हिमाची चाहूल. मग प्रवासी रानाच्या सौंदर्याला मोकळेपणाने दाद देतो, आणि लगेच दिलेली वचने व उरलेली वाट त्याला आठवते. एवढेच. वाहनाचे तर नावही घेतलेले नाही. साज आणि घुंगरे आहेत, म्हणून बर्फावरून घसरत जाणारी गाडी असावी असे आपण समजतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे भूगोल थोडा समजून घेतला पाहिजे, नाहीतर कवितेतला धोका निसटतो. फ्रॉस्टची कविता ज्या न्यू इंग्लंडच्या मातीतली आहे, ती व्हर्मॉन्ट आणि न्यू हॅम्पशर ही राज्ये अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, साधारण 43 अंश उत्तर अक्षांशापासून वर पसरली आहेत. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. दक्षिण व्हर्मॉन्टमध्ये डिसेंबरच्या 21-22 तारखेला तो जेमतेम नऊ तासांचा होतो आणि साडेचार वाजायच्या आत सूर्य मावळतो. पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, वाट बर्फाखाली बुजते, तळ्यांवर जाड थर धरतो. अशा संध्याकाळी, वस्तीपासून दूर, अंगावर हिम घेत उभे राहणे हा रमणीय विसावा नव्हे. तिथे फार वेळ थांबलेला माणूस परत येईलच असे नाही. पाहण्यातला आनंद आणि थांबण्यातला धोका एकाच जागी आहेत, आणि हे प्रवाशाला माहीत आहे.

घुंगरांनाही तिथे काम आहे. आपल्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेत हौस असते, कौतुक असते. बर्फाळ मुलखात त्यात सुरक्षिततेची गरजही मिसळते. हिमाच्या थरावर खुरांचा आवाज दबतो, घसरगाडीला चाकेच नसतात, म्हणून अंधारात समोरून येणाऱ्याला कळावे यासाठी घोड्याच्या साजावर घुंगरे बांधत. म्हणजे ती घुंगरे माणसांच्या जगाची खूण आहेत. वाट, वाहतूक, समोरून येणारा शेजारी, हे सगळे त्या छोट्या आवाजात आहे. फ्रॉस्टने तो आवाज नेमका शांततेच्या मध्यभागी ठेवला. घोड्याला रानाचे सौंदर्य कळत नाही. त्याला गोठा, चारा आणि रोजची वाट कळते. तरीही कवी त्याला हसत नाही. त्या निर्जन जागी माणसाला घराची आठवण करून देणारा सोबती तोच आहे.

पहिल्या कडव्यातला मालकही असाच सहज वाचून सोडून देण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकात व्हर्मॉन्टमधली बहुतेक जंगले मेंढपाळीसाठी आणि शेतीसाठी तोडली गेली. पुढे माणसे पश्चिमेच्या सुपीक जमिनींकडे आणि कारखान्यांच्या गावांकडे निघून गेली. सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा मेपल, बर्च आणि पाइन उगवले. आजही तिथल्या दाट रानात जुन्या शेतांचे दगडी बांध सापडतात. तेव्हा फ्रॉस्टचे अरण्य हे मानवाचे पाऊल न पडलेले निबिड वन नाही. त्याला मालक आहे, हद्द आहे, सरपणाचा आणि लाकडाचा हिशेब आहे. मात्र मालक गावात आहे आणि पाहणारा इथे आहे. कागदोपत्री रान एकाचे, आणि त्या संध्याकाळपुरते ते ज्याने डोळे भरून पाहिले त्याचे. फुकट मिळालेल्या या आनंदात थोडी चोरटेपणाची भावनाही आहे, कारण कोणी पाहत नाही ना, हा विचार त्याच्या मनात सर्वांत आधी येतो. कामाच्या माणसाला विनाकारण थांबण्याचा संकोच वाटतो. कवीने तो संकोच एका वाक्यात पकडला आहे.

फ्रॉस्टला असा संकोच परका नव्हता. न्यू इंग्लंडचा कवी म्हणून तो ओळखला गेला, तरी त्याचा जन्म 26 मार्च 1874 रोजी दूर सॅन फ्रान्सिस्कोत झाला. अकरा वर्षांचा असताना वडील क्षयाने गेले आणि आई मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरण्यांच्या गावी आली. 1895 साली एलिनॉर व्हाइट या वर्गमैत्रिणीशी त्याचे लग्न झाले. डार्टमथ आणि हार्वर्ड या दोन्ही ठिकाणी तो शिकला, पण पदवी कुठलीच घेतली नाही. 1900 साली पहिला मुलगा एलियट चार वर्षांचाही न होता गेला आणि त्याच वर्षी आईही गेली. त्या वर्षी आजोबांनी न्यू हॅम्पशरमधल्या डेरी इथे घेऊन दिलेल्या तीस एकरांच्या शेतावर तो कोंबड्या पाळत, पुढे शाळेत शिकवत आणि रात्री कविता लिहीत राहिला. 1907 साली आणखी एक मुलगी जन्मल्यावर काही दिवसांतच गेली. पहिला संग्रह निघाला तो 1913 साली, लंडनमध्ये. तेव्हा कवीचे वय एकोणचाळीस होते. 1920 साली मनाचा तोल गेलेल्या सख्ख्या बहिणीला इस्पितळात ठेवण्याची वेळ त्याच्यावर आली. काळोखाची ओढ आणि संसाराची बांधिलकी यांतला ताण त्याने पुस्तकातून उचललेला नव्हता.

डेरीच्या दिवसांतली एक आठवणही नोंदली गेली आहे. ती फ्रॉस्टने उतारवयात एका वाचकाला सांगितली होती आणि पुढे त्याच्या थोरल्या मुलीने तिला दुजोरा दिला. नाताळ तोंडावर आला होता आणि घरात पैसा नव्हता. शेतावरचा थोडा माल घेऊन तो बाजाराला गेला, पण काही विकले गेले नाही. मुलांसाठी काहीही न घेता बर्फातून परतताना घराच्या अलीकडच्या वळणावर घोड्याने चाल मंद केली, आणि तिथे थांबून बाप पोटभर रडला. या आठवणीतून कविता जशीच्या तशी निघाली असे मी म्हणणार नाही. कवितेत रडणे नाही, गरिबी नाही, मुले नाहीत. पण ती वाचल्यावर कवितेतली वचने भाषणबाजीची उरत नाहीत. ती घरी वाट पाहणाऱ्या माणसांना दिलेली असतात, रोजच्या भाकरीएवढी साधी.

कविता लिहिली गेली जून 1922 मध्ये, व्हर्मॉन्टमधल्या साउथ शाफ्ट्सबरी इथल्या जुन्या दगडी घरात. मिशिगन विद्यापीठातले वर्ष संपवून फ्रॉस्ट घरी परतला होता. ‘न्यू हॅम्पशर’ ही दीर्घ कविता लिहिण्यात त्याची एक सबंध रात्र गेली. उजाडल्यावर तो सूर्योदय पाहायला बाहेर आला, आणि परत आत जाऊन त्याने ही छोटी कविता लिहिली. ती काही मिनिटांत, फारशी ओढाताण न होता उतरली, असे तो पुढे सांगत असे. ॲमहर्स्टच्या जोन्स लायब्ररीतल्या हस्तलिखितात मात्र दुसऱ्या कडव्यापाशी झालेली खाडाखोड दिसते. मला यातली वेळ फार बोलकी वाटते. वर्षातल्या सर्वांत काळ्याकुट्ट संध्याकाळची कविता वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांच्या तोंडावर लिहिली गेली आहे. तीही अशा माणसाच्या हातून, जो रात्रभर जागून आपले काम नुकतेच हातावेगळे करून उठला होता. झोप त्याच्या डोळ्यांवर खरोखरच होती. कवितेतल्या दमणुकीला आणि शेवटच्या झोपेच्या उल्लेखाला त्या सकाळचा खरा थकवा आहे. 7 मार्च 1923 रोजी ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकात ती छापली गेली आणि त्याच वर्षी ‘न्यू हॅम्पशर’ संग्रहात आली. या संग्रहाला 1924 सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्रॉस्टच्या वाट्याला पुढे आणखी तीन पुलित्झर यायची होती. लुई अंटरमायर या मित्राला लिहिताना त्याने हीच कविता आपली आठवण राखील अशी आशा व्यक्त केली होती.

आता तिच्या बांधणीकडे वळू, कारण या कवितेत अर्थाचे अर्धे काम छंद करतो. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत, एक हलके आणि एक आघाताचे अशा चार जोड्या, आणि ही चाल कुठेही ढळत नाही. शब्द जवळजवळ सगळे एक-दोन अक्षरांचे, लहान मुलालाही कळतील असे. उच्चारात तीन अक्षरे भरणारा शब्द सबंध कवितेत एकच आहे, आणि तो वचनांसाठीचा आहे. चार ओळींच्या कडव्यात पहिली, दुसरी आणि चौथी ओळ एका यमकात, तिसरी मोकळी, हा साचा इंग्रजीत एडवर्ड फिट्झजेराल्डने 1859 साली केलेल्या उमर खय्यामच्या रुबायांमुळे रुजला. मराठी वाचकाला त्याची ओळख माधव जूलियनांनी करून दिलेली आहे. त्यांनी खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतूनही मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपावरूनही. आपल्या ओवीत तीन चरण यमकाने बांधून चौथा मोकळा सोडतात. इथे मोकळी जागा तिसरी आहे.

फ्रॉस्टने या साच्यात एक कडी घातली. प्रत्येक कडव्यातली मोकळी तिसरी ओळ पुढच्या कडव्याचे यमक ठरवते. एकात दुसरे गुंतत जाते. दान्तेच्या महाकाव्यातली त्रिपदीही अशीच साखळीने चालते, आणि तिचा आरंभही एका काळोख्या अरण्यातच होतो. अशा साखळीत एक अडचण असते. ती संपवायची कशी? प्रत्येक कडव्यात एक ओळ मोकळी राहणार आणि ती पुढचे कडवे मागणार. फ्रॉस्टने शेवटच्या कडव्यात चारही ओळी एका यमकात बांधल्या आणि तिसरी ओळ चौथीत तशीच पुन्हा म्हटली. साखळी तिथे मिटली. पहिल्या खेपेला ती ओळ वाटेच्या अंतराविषयी बोलते. दुसऱ्या खेपेला अक्षर न अक्षर तेच असूनही वाचणाऱ्याला आयुष्याचे अंतर ऐकू येते. कवीने स्पष्टीकरणाचा एक शब्दही खर्च केलेला नाही, केवळ पुनरुक्तीने अर्थ खोल केला. मोठ्याने वाचून पाहिले, तर दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना आवाज आपोआप संथ होतो.

एका स्वल्पविरामाची हकीकतही इथे सांगितली पाहिजे. शेवटच्या कडव्याच्या आरंभी अरण्याला तीन विशेषणे लावलेली आहेत, पहिले सौंदर्याचे आणि पुढची दोन काळोखाची व खोलीची. फ्रॉस्टने स्वल्पविराम दिला तो फक्त पहिल्यानंतर. त्यामुळे ओळ अशी ऐकू येते, की हे रान सुंदर आहे, आणि त्याचे सौंदर्य त्याच्या काळोखात आणि खोलीतच आहे. कवीच्या मृत्यूनंतर 1969 साली एडवर्ड कॉनरी लॅथम यांनी संपादित केलेल्या समग्र संग्रहात दुसऱ्या विशेषणानंतरही स्वल्पविराम आला. तीनही गुण एका रांगेत बसले आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते ढिले पडले. अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. मी कवीच्या मूळ पाठाच्या बाजूचा आहे. काळोख सुंदर आहे हे प्रवासी उघडपणे कबूल करतो, आणि मग तिथून निघायची गोष्ट काढतो. ती कबुली पुसट केली, तर वचनांच्या आठवणीचा कस लागत नाही.

हाच काळोख पुढे मोठ्या वादाचा विषय झाला. 1958 साली कवी व समीक्षक जॉन चार्डी यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ साप्ताहिकात या कवितेचे विवेचन करताना तिच्यात मृत्यूची ओढ दाखवली. वाचक खवळले. एका गोड हिवाळी चित्रावर हे कसले सावट, असा त्यांचा रोख होता. फ्रॉस्टनेही ते वाचन मान्य केले नाही. दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे सापडले आहे, असे मला वाटते. थंडी, शांतता, एकांत, खोल काळोख आणि शेवटी झोप या गोष्टी एकत्र आल्यावर मरणाची चाहूल लागतेच, ती वाचकाने ओढून आणलेली नसते. पण कविता मरणाविषयी आहे असे म्हणून तिची दारे बंद करणे हीही घाईच. खरे बर्फ, खरा घोडा, खरी थंडी या सगळ्याला नुसते प्रतीक करून टाकले, की हाती एक कोडे आणि त्याचे उत्तर तेवढे राहते. आधी बर्फ बर्फ म्हणून पडू द्यावे. बाकीचे अर्थ त्यावर आपापली पावले उमटवतात.

आता कर्तव्याविषयी. प्रवाशाने कोणती वचने दिली आहेत, कोणाला दिली आहेत, हे कविता सांगत नाही. तो त्यांची फुशारकी मारत नाही, त्यांच्याविषयी कुरकुरही करत नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तो निघाल्याचे कवितेत कुठेही सांगितलेले नाही. शेवटची ओळ संपते तेव्हाही तो रानाच्या कडेलाच उभा आहे. तो जाईल असे आपण मानतो, कारण त्याच्या स्वरावर आपला विश्वास बसलेला असतो. पण कवीने त्याला चालताना दाखवले नाही. दाखवला तो मधला क्षण, ज्यात दोन खऱ्या गोष्टी एकाच माणसावर हक्क सांगतात. सौंदर्य खोटे ठरवून त्याने कर्तव्य मोठे केले नाही. मोह म्हणून रानाची निंदा केली नाही. ज्याचा त्याग करायचा त्याची किंमत पूर्ण मान्य करून केलेले कर्तव्यच खरे, अशी या कवितेची धारणा मला दिसते.

नेहरूंची निवड मला या प्रकाशात अधिक समजते. त्यांना हिमालयाची किती ओढ होती हे त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. मृत्युपत्रातही ते गंगेबरोबर हिमशिखरांची आठवण काढतात. 1964 च्या जानेवारीत भुवनेश्वरला आजार बळावल्यानंतरही ते कामात राहिले. अशा माणसाने या ओळी लिहून घेतल्या, त्या स्वतःला कामाला जुंपण्यासाठी की रानाची आठवण जवळ ठेवण्यासाठी, हे ठरवण्याची गरज नाही. कवितेत दोन्ही आहे.

घोषवाक्य होणे हे फ्रॉस्टच्या कवितांच्या नशिबीच होते. ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता एडवर्ड थॉमस या मित्राच्या निर्णय न घेता येण्याच्या सवयीची हळुवार थट्टा म्हणून जन्मली, आणि जगाने तिला आत्मविश्वासाचा जाहीरनामा केले. प्रस्तुत कवितेच्या शेवटच्या ओळींनी जॉन केनेडी 1960 च्या प्रचारात आपली भाषणे संपवत. 2000 साली कॅनडाचे माजी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या अंत्यविधीत मुलगा जस्टिन याने श्रद्धांजलीच्या शेवटी याच ओळींचा आधार घेतला. त्या इतक्या ठिकाणी उपयोगी पडतात, यात त्यांचा मोठेपणाच आहे. फक्त उपयोग करताना माणूस वरच्या बारा ओळींना पारखा होतो, याची खंत वाटते.

पुढच्या पानांकडे वळण्यापूर्वी वाचकांना एक विनंती आहे. विवेचन वाचायच्या आधी मूळ इंग्रजी कविता मोठ्याने, संथपणे म्हणा. इंग्रजी कच्चे असले तरी अडणार नाही, तिचे शब्द सोपे आहेत आणि चाल जिभेला लगेच सापडते. पाठ करायची असेल, तर पहिल्या ओळीपासून करा. ज्यांच्या अंगावर घराची, नोकरीची, आजाऱ्यांची, मुलांची वचने आहेत, अशांना ही कविता पुढे जा असे सांगायला आलेली नाही. ते जाणारच आहेत, त्यांना सांगावे लागत नाही. त्यांना कोणी सांगत नाही ती गोष्ट ती सांगते, की वाटेत थांबून पाहण्यात कसूर नाही, मालक पाहत नसेल तर बिघडत नाही, आणि घोड्याला कळले नाही तरी चालते. थांबलेल्या माणसाला आपली वचने आठवतात, म्हणून तर त्याच्या थांबण्यावर भरवसा ठेवता येतो. वन आणि वचन या दोन्हींना एका आयुष्यात जागा आहे. ती करून देण्याची ताकद या सोळा ओळींत आहे, असा माझा विश्वास आहे, आणि त्याच विश्वासाने हे पुस्तक मराठी वाचकांच्या हाती देत आहे.